कुत्र्याच्या पिसवा : तिसऱ्या आठवड्यात औषध बदलू नका

जालना जिल्ह्यातील अनेक घरांत आज कुत्र्याची सारी देखभाल आजी-आजोबांच्या वाट्याला आली आहे. मुले नोकरीधंद्यानिमित्त पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला. घरात दोन वृद्ध, परसात एखादी शेळी आणि ओसरीवर एक कुत्रा. तो कोणा नामांकित जातीचा नसतो, पण घराची राखण करतो, रात्री-अपरात्री जाग देतो आणि बोलायला माणूस नसले म्हणजे निमूटपणे ऐकून घेतो. पाऊस पडून हवा दमट झाली की हा सोबती सारखे अंग खाजवू लागतो, शेपटीच्या मुळाशी दात लावून केस उपटतो आणि चार दिवसांनी आजींच्या घोट्यांवरही लाल ठिपके उमटतात. मग दुकानाच्या खेपा सुरू होतात. आधी पावडर, मग शाम्पू, मग गळ्यातला पट्टा, शेवटी कोणी सांगितले म्हणून शेतातले औषध. निवृत्तिवेतनातून किंवा मुलांनी पाठवलेल्या पैशांतून चार निरनिराळ्या वस्तू घरात येतात आणि पिसवा मात्र होत्या तिथेच राहतात.

प्रत्येक वेळी औषधच निकामी असते असे नव्हे. बहुतेक वेळा पैसा चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी खर्च झालेला असतो. ते कसे, हे कळण्यासाठी पिसूचा संसार थोडा जवळून पाहावा लागतो.

कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे साऱ्या गोतावळ्याचा जेमतेम विसावा हिस्सा. उरलेला सुमारे ९५ टक्के भाग अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने घरात विखुरलेला असतो. मादी रक्त पिऊ लागली की एक-दोन दिवसांतच अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. ही अंडी उवांच्या लिखांप्रमाणे केसांना चिकटून राहत नाहीत. मिठाच्या कणांसारखी गळून पडतात. कुत्रा जिथे निजतो, जिथे अंग झटकतो, तिथे त्यांची रास साचते. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात. त्या बाजेखाली, फरशीच्या सांदीत, पोत्याच्या घडीत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर पोसतात. पुढे प्रत्येक अळी स्वतःभोवती कोष विणते. त्या चिकट कोषाला धूळमाती लागते, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्या आत कोणतेही नेहमीचे औषध पोचत नाही. आतली पिसू कित्येक महिने स्वस्थ बसून राहू शकते. पावलांची धमक, अंगाची ऊब, श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली की ती बाहेर उडी घेते. चार महिने मुलाकडे राहून परतलेले दांपत्य कुलूप उघडून आत पाऊल टाकते आणि त्या क्षणी घोट्यांवर पिसवा तुटून पडतात, ते याच कारणाने. मधल्या काळात घरात कुत्रा नसला तरी कोष वाट पाहत असतात.

आता औषधाचा पहिला हप्ता दिल्यावर काय होते ते पाहा. अंगावरच्या पिसवा एक-दोन दिवसांत मरतात. कुत्रा शांत झोपतो. घरच्यांना हायसे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घरातील कोष फुटू लागतात, नव्या पिसवा कुत्र्याच्या अंगावर चढतात आणि पुन्हा दिसू लागतात. येथेच बहुतेक घरांत निष्कर्ष निघतो की औषध लागू पडले नाही. वस्तुतः औषध चांगले असेल तर या नव्या पिसवाही अंडी घालण्यापूर्वीच मरत असतात. कुत्रा हा जणू चालताफिरता सापळा झालेला असतो, आणि घरातील कोषांचा साठा संपेपर्यंत तो सापळा चालू ठेवायचा असतो. हा साठा संपायला साधारण तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात पहिले औषध सोडून दुसरे आणणारा माणूस दोन्हींचे पैसे वाया घालवतो. एका पशूवर दोन कीटकनाशके लागोपाठ लावल्याने विषबाधेचा धोका ओढवतो तो वेगळाच.

पण त्याआधी अंगावर आहे ते पिसवाच ना, याची खात्री करावी. खर्च लागत नाही. जमिनीवर ओले पांढरे फडके अंथरावे, कुत्र्याला त्यावर उभे करून कमरेपासून शेपटीपर्यंत उवांच्या फणीने केस विंचरावेत. आपल्या घरात जुनी बारीक दातांची फणी असतेच. तिच्याहून चांगले साधन बाजारात शोधण्याची गरज नाही. फडक्यावर पडलेले काळे कण ओलाव्याने तांबडे झाले तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा होय. काळेच राहिले तर ती माती. फणीत सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात टाकावी; साध्या पाण्यावर ती तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडते. हळूहळू फुगणारे, कानात, बोटांच्या बेचक्यात घट्ट रुतलेले किडे दिसले तर ते गोचीड. केस झडून कातडी जाड, खवलेदार झाली असेल तर खरूज असू शकते आणि तिचे औषध निराळे. दोनशे रुपयांची पावडर घेण्यापूर्वी या पाच मिनिटांच्या तपासणीने पुढचा बराच खर्च वाचतो.

माणसाच्या अंगावरही असाच फरक करता येतो. पिसू गुडघ्याखाली चावते, विशेषतः घोट्याभोवती, आणि तीन-चार ठिपके एकमेकांजवळ उमटतात. ढेकणाचे चावे सकाळी हात, मान, पाठ अशा उघड्या भागांवर दिसतात आणि बाजेच्या फटींत त्यांचे डाग सापडतात. बोटांच्या बेचक्यांत रात्री वाढणारी खाज घरातील दोघातिघांना एकदम असेल, तर खरजेचा विचार करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यात कुत्र्याला बोल लावण्यात अर्थ नसतो.

वयस्कर माणसाच्या बाबतीत ही खाज क्षुल्लक समजू नये. उतारवयात कातडी पातळ होते, नखाने सहज सोलवटते. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्या व्यक्तीला चावा कळतही नाही. कळते ते चिघळलेली जखम मोज्याला चिकटल्यावर. म्हणून मधुमेही व्यक्तीने, किंवा तिची सेवा करणाऱ्याने, रोज रात्री पायांची तपासणी करताना घोट्यांवरचे ठिपकेही पाहावेत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या खोलीत कुत्र्याला काही काळ प्रवेश नको, हेही येथेच सांगून ठेवतो. खाजेसाठी फेनिरामाइनसारखी झोप आणणारी जुनी गोळी परस्पर घेऊ नये. वृद्धांना तिने गुंगी येते, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना लघवी अडते. साबणाने जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवणे बहुधा पुरते. न पुरल्यास डॉक्टरांना विचारावे.

पिसू म्हटले की आपल्या भागातील जुन्या माणसांना १९९४ आठवते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण नोंदवले गेले. पाठोपाठ सुरतेची बातमी आली आणि लोक रुमाल बांधून हिंडू लागले. त्या आठवणीमुळे कुत्र्याच्या अंगावर पिसू दिसताच काही घरांत कुत्र्याला हाकलून देण्याची भाषा होते. ती भीती अनाठायी आहे. प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरांवरच्या पिसवा करतात. आपल्या कुत्र्या-मांजरांवर आढळणाऱ्या पिसवा वेगळ्या जातीच्या असतात. एक गोष्ट मात्र त्या वर्षातून घ्यावी. घरात किंवा गोदामात अनेक उंदीर एकाएकी मेलेले आढळले तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, कारण मेलेल्या उंदराला सोडून पिसवा दुसऱ्या उबदार शरीराकडे निघतात. आणि त्या काळातील गॅमेक्झीनचा डबा कोणाच्या माळ्यावर उरला असेल, तर तो कुत्र्यासाठी उघडू नये. ते बीएचसी होय. त्यावर १९९७ पासून आपल्या देशात बंदी आहे.

कुत्र्याच्या पिसवांपासून प्रत्यक्ष संभवणारा एक त्रास नातवंडांना होतो. एका पट्टकृमीची अंडी पिसूच्या अळीच्या पोटात जातात आणि पुढे ती पिसू चुकून गिळली गेल्यास हा कृमी कुत्र्याच्या, क्वचित लहान मुलाच्या आतड्यात वाढतो. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा मुलाच्या शौचात तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर हीच शंका घ्यावी. त्यावर उत्तम औषध आहे. पण पिसवा राहिल्या तर कृमी पुन्हा येतो.

आता घराकडे वळू, कारण ९५ टक्के शत्रू तिथे आहे आणि त्याच्यावरचा इलाज जवळजवळ फुकट आहे. पिसूच्या अळीला दमटपणा लागतो. कोरड्या हवेत आणि ३५ अंशांपलीकडच्या उष्णतेत ती तग धरत नाही. जालन्याचा मे महिना चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्या अंगणात अळ्या जगत नाहीत. त्या जगतात सावलीत: माळवदाच्या घरातील थंड कोपऱ्यात, रांजणाखालच्या ओलीत, पत्र्याच्या शेडमधील सरपणाखाली, सोप्यावरच्या सतरंजीत. म्हणून कुत्र्याचे अंथरूण, पोते, जुनी वाकळ, जे काही असेल ते, आठवड्यातून एकदा धाब्यावर किंवा पत्र्यावर कडक उन्हात दिवसभर, दोन्ही बाजूंनी वाळवावे. धुणे शक्य असेल तर गरम पाण्यात धुवावे. पण आपल्याकडे पाण्याचे काय असते ते सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या, त्या जिल्ह्याला कोणी रोज घर धुण्याचा सल्ला देऊ नये. ऊन आणि झाडू यांवर आपले काम भागते. कुत्र्याला अंथरायला गोधडीऐवजी पोते द्यावे आणि ते खराब झाले की जाळून दुसरे घ्यावे, हा सर्वांत स्वस्त मार्ग.

झाडण्यातही नेम हवा. पहिले दोन आठवडे रोज, पुढे एक दिवसाआड, बाजेखाली, दारामागे, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत झाडून निघालेला केर घराबाहेर जाळावा किंवा साबणाच्या पाण्यात टाकावा. परसात ढकलला तर अंडी फक्त जागा बदलतात. कमरेच्या दुखण्यामुळे वाकता येत नसेल तर हे काम लांब दांड्याच्या झाडूने करावे किंवा घरकाम करणाऱ्या बाईंना कारण समजावून सांगून करून घ्यावे. कारण समजले की कोपरे सुटत नाहीत. शेणाने सारवलेल्या जमिनीतील आणि भिंतींतील भेगा बुजवून घेतल्यास गोचिडांनाही आळा बसतो, कारण कुत्र्याचे गोचीड भिंतीवर चढून फटीत अंडी घालतात, आणि एक मादी हजारोंनी घालते. झाडण्याची धमक बसून काही कोष लवकर फुटतात हाही फायदाच. बाहेर आलेली पिसू औषध लावलेल्या कुत्र्यावर चढते आणि मरते.

घरातील मांजर आणि शेळी यांना विसरू नये. त्याच पिसवा त्यांच्यावरही राहतात. कुत्र्याला महागडी गोळी दिली आणि शेळी गोठ्यात पिसवा वाढवीत राहिली, तर गोळीचा उपयोग काय? मात्र कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराचा त्याने जीव जाऊ शकतो. शेळीचे औषध डॉक्टरांकडून स्वतंत्र घ्यावे आणि दुधाबद्दल विचारून घ्यावे.

औषधाची निवड करताना डब्यावरची किंमत पाहून फसगत होते. पाहायचे ते एका दिवसाच्या संरक्षणाचे मोल. समजा, शाम्पूची बाटली २५० रुपयांची आहे आणि ती पाच अंघोळींना पुरते. आठवड्याला ५० रुपये, म्हणजे दिवसाला सात रुपये, असे स्वस्त वाटते. परंतु शाम्पू अंगावर त्या क्षणी असलेल्या पिसवाच मारतो. धुऊन गेला की त्याचे काम संपते, आणि दुसऱ्या दिवशी कोषातून निघालेली पिसू निर्धास्त चढते. समजा, मानेवर टाकायच्या थेंबांची नळी ४०० रुपयांना मिळते आणि महिना टिकते; दिवसाला साधारण १३ रुपये. समजा, चघळायची गोळी १५०० रुपयांची आहे आणि बारा आठवडे टिकते. दिवसाला सुमारे १८ रुपये. हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, आपल्या दुकानातील भाव घालून हाच भागाकार करावा. शाम्पूचे सात रुपये मग सर्वांत महाग ठरतात.

बहुतेक घरांसाठी फिप्रोनिलचे थेंब हा मध्यम मार्ग आहे. ते दोन खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला सारून, थेट कातडीवर टाकायचे. केसांवर ओघळले तर वाया गेले. एक-दोन दिवसांत ते त्वचेच्या तेलाबरोबर अंगभर पसरते, म्हणून आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. घरात उपद्रव फार असेल तर फिप्रोनिलसोबत एस-मेथोप्रिन असलेली नळी थोडे अधिक पैसे देऊन घ्यावी; एस-मेथोप्रिनमुळे अंड्यांची वाढ खुंटते, म्हणजे घरातील नव्या भरतीलाच खीळ बसते. हा जादा खर्च मला योग्य वाटतो.

फिप्रोनिलचा फवाराही मिळतो. त्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिली. दोन किलोच्या पिलाला १२ मिलीत काम होते आणि हे औषध अगदी कोवळ्या पिलांनाही चालते, म्हणून पिलांसाठी ते स्वस्त. पण २० किलोच्या कुत्र्याला ६० ते १२० मिली लागेल. १०० मिलीची बाटली एकाच वेळी संपून जाईल. बरेच जण मोठ्या कुत्र्यावर चार फवारे मारून बाटली चार महिने पुरवतात आणि गुण येत नाही म्हणून कंपनीला दोष देतात. शिवाय दमा किंवा श्वासनलिकेचा जुना विकार असलेल्यांनी फवारा हाती घेऊच नये. दुसऱ्याने तो उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेने मारावा.

गोळ्यांपैकी अफॉक्सोलेनर महिनाभर आणि फ्लुरालेनर पिसवांवर सुमारे बारा आठवडे काम करते. महाग खऱ्या, पण थेंब टाकायला थरथरते हात नको म्हणत असतील, किंवा गल्लीतला कुत्रा अंगाला हात लावू देत नसेल, तर भाकरीच्या तुकड्यात दिलेली गोळी हाच व्यवहार्य उपाय. गोळी पोटात अन्न असताना द्यावी. कुत्र्याला पूर्वी फेफरे आले असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. या वर्गातील औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेला आहे. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन लहान कुत्र्यांना वाटण्याची काटकसर करू नये. औषध गोळीत सर्वत्र सारखे मिसळलेले असेलच असे नाही, आणि वजनाचा अंदाजही चुकतो.

वजन हा या साऱ्याचा पाया. लहान कुत्र्याला घरातील तरुण माणसाने उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि नंतर स्वतःचे वजन वजा करावे. मोठ्याला भुसार दुकानातल्या काट्यावर नेता येते. दुकानदार हसेल, पण मोजून देईल.

गळ्यातल्या पट्ट्यांविषयी दोनच वाक्ये. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला अस्सल पट्टा सात-आठ महिने टिकतो आणि भागाकार केल्यास परवडतोही. मात्र त्याच्या हुबेहूब नकला विकल्या जातात, तेव्हा तो पावतीशिवाय घेऊ नये. नुसत्या सुवासिक तेलाचे स्वस्त पट्टे म्हणजे कुत्र्याला घातलेला दागिना.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. आपला जिल्हा कापसाचा, सोयाबीनचा. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बाटल्या कोठीत असतात, आणि त्यांपैकी काहींवर फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हीच नावे छापलेली असतात. ‘नाव तेच, मग औषध तेच, आणि हे तर घरातच आहे’, असा विचार सुशिक्षित माणसाच्याही मनात येतो. पिकावरच्या औषधाची तीव्रता निराळी, आणि ते ज्या द्रावकात विरघळवलेले असते ते कातडीतून शिरण्याजोगे असू शकते. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे ते पोटातही जाते. त्याला कुरवाळणाऱ्या नातवाच्या हाताला लागते. कापसावर फवारणी करताना २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जे बळी गेले ते उघड्या शेतात गेले. आपण तर त्या बाटल्या ओसरीवर उघडतो. ओळखायची खूण सोपी आहे. शेतीच्या कीटकनाशकावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असलेला चौकटीचा शिक्का असतो. तो दिसला की ती बाटली कोणत्याही प्राण्याच्या अंगासाठी नव्हे. प्राण्यांच्या औषधावर ते माणसांसाठी नसून केवळ पशूंच्या उपचारासाठी असल्याचा मजकूर असतो. अक्षर बारीक असते. चष्मा लावून, नाहीतर शाळकरी नातवाकडून वाचून घ्यावे.

गोठ्यातील गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ हे पशूंचेच औषध आहे आणि डॉक्टर कधी कधी ते कुत्र्यालाही पाण्यात मिसळून लावायला सांगतात. परंतु त्याने रक्तातील साखर वाढते. मधुमेही व्यक्तीने ते स्वतः हाताळू नये, मधुमेही कुत्र्याला लावू नये, आणि म्हशीसाठी सांगितलेले प्रमाण कुत्र्याला वापरू नये. उरलेले औषध पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवण्याची आपल्याकडची सवय तर तात्काळ मोडावी. रात्री तहान लागलेल्या, दृष्टी अधू झालेल्या माणसाला बाटली-बाटलीत फरक कळत नाही.

घरगुती उपायांबद्दल तुटक बोलणे मला आवडत नाही, कारण त्यांत पिढ्यांची माया असते. कडुनिंबाचा पाला उकळून कोमट पाण्याने कुत्र्याला न्हाऊ घातले तर त्याला बरे वाटते. ते खुशाल करावे, फक्त थेंबांच्या आधी-नंतरचे दोन-दोन दिवस सोडून, आणि तेवढ्याने पिसवा जातील ही आशा न ठेवता. मात्र तंबाखूचे पाणी, रॉकेल, डांबराच्या गोळ्या आणि खोबरेल तेलात कालवलेला कापूर हे चारही चाटणाऱ्या प्राण्याला विष आहेत. लसूण खाऊ घालण्याने पिसवा मरत नाहीत, कुत्र्याच्या रक्तपेशी मात्र नासतात.

थेंब टाकण्याचे काम सकाळी, उजेडात, कुत्रा जेवून सुस्तावला असताना करावे. आजोबांनी खुर्चीवर बसावे, कुत्र्याला दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्यावे, हाताला पातळ पिशवी गुंडाळावी. उभ्याने, ओल्या फरशीवर, ओढाताण करीत हे काम केल्यास कुत्र्याच्या पिसवांपेक्षा खुब्याच्या हाडाची चिंता मोठी होईल. त्या दिवशी कुत्र्याला कोणी कुरवाळू नये आणि त्याला पायथ्याशी झोपू देऊ नये. हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखूची डबी उघडू नये.

गोचीड रुतलेला असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. काडीने चटका देऊ नये, रॉकेल टाकू नये, आणि नखांत चिरडू तर मुळीच नये, कारण गोचिडाच्या शरीरातील जंतू बोटावरच्या ओरखड्यातून आत शिरतात. गोचीड काढल्यानंतरच्या दोन आठवड्यांत घरातील कोणाला जोराचा ताप, डोकेदुखी आणि विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ आले, तर डॉक्टरांना ‘घरात कुत्रा आहे, गोचीड काढले होते’ हे न विसरता सांगावे. गोचीडताप वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो. न ओळखता डेंग्यूच्या चाचण्यांत आठवडा गेला तर वृद्धांना तो जड जातो. कुत्र्यालाही गोचिडांमुळे रक्ताचे आजार होतात. त्याने अन्न सोडले, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे.

त्यासाठी शहरातील खाजगी दवाखानाच गाठायला हवा असे नाही. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गायी-म्हशींची गर्दी असते खरी, पण कुत्र्यालाही तिथे तपासतात. १९६२ या पशुसेवेच्या निःशुल्क क्रमांकावर सल्ला विचारता येतो. परतूर, मंठ्याकडच्या वाचकांना परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. जाताना कुत्र्याचे वजन, आधी वापरलेल्या औषधाचे खोके आणि घरात मांजर, शेळी, गरोदर स्त्री किंवा लहान मूल आहे का, एवढी माहिती कागदावर लिहून न्यावी, आणि डॉक्टरांकडून औषधाचे घटकनाव लिहून घ्यावे. त्याच घटकाचे दुसऱ्या कंपनीचे औषध पुष्कळदा कमी किमतीत मिळते.

पहिला हप्ता दिला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेला खूण करावी, आणि पुढच्या दोन हप्त्यांच्या तारखाही त्याच वेळी लाल शाईने लिहून टाकाव्यात. मधल्या काळात पिसू दिसली तर फणी आणि साबणाचे पाणी आहेच.